काकांची डिस्क टकटकतेय

मोठेकाका: फोटोंची हार्ड डिस्क लावली की टकटक आवाज येतोय. फोल्डर उघडत नाही. कुणाला कळतं का यातलं?

दादा: काका, आधी ती काढा. परत परत लावून बघू नका. टकटक म्हणजे आतलं डेटा वाचणारं हेड अडखळतंय. प्रत्येक वेळी चालू केली की आणखी बिघडू शकते.

ताई: पण बॅकअप आहे ना? तुम्हीच म्हणाला होतात, सगळ्याचा घेतलाय म्हणून.

मोठेकाका: घेतलाय की. त्याच डिस्कवर.

ताई: म्हणजे लॅपटॉपवर पण आहेत?

मोठेकाका: लॅपटॉपवर जागा उरत नव्हती. कट करून डिस्कवर टाकले.

मी: मग तो बॅकअप नाही हो काका. फोटोंनी फक्त घर बदललं.

धाकटा: पण सगळे फोटो ग्रुपवर टाकतोच की आपण. तिथून घ्या ना.

मी: बघायला ठीक आहेत रे. पण व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान करतं, आणि फाइलच्या आतली तारीख काढून टाकतं. मग 2014 चा फोटो ज्या दिवशी डाउनलोड केला त्या दिवसाचा दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आपल्यात तसं पाठवतं कोण?

आत्या: माझे तर गुगल फोटोज ॲपमधून गुगलवर आपोआप जातात.

दादा: आत्या, फुकटचे 15 जीबी भरले की ते थांबतं. त्यात जीमेल पण धरतात. 1 जून 2021 पासून नवे फोटो सगळेच मोजतात. बघ बरं एकदा.

आत्या: चालू आहे. मागच्या महिन्यात फोन भरला म्हणून त्या ॲपमधूनच बरेच डिलीट केले. पण गुगलवर असतीलच ना?

मी: आत्या!! तिथून पुसले की दोन्हीकडून जातात. घाबरू नकोस, ॲपमध्ये ट्रॅश उघड. गुगलवर गेलेले फोटो तिथे 60 दिवस राहतात. सगळे निवड आणि रिस्टोअर दाब. आत्ता, चहा नंतर.

आत्या: सापडले!! बाळाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओसुद्धा आहे. जीव भांड्यात पडला बाई.

दादा: आता डिस्क. 2019 अखेरपर्यंतची पूर्ण कॉपी माझ्याकडे आहे, तेव्हा घेतली होती. त्यानंतरचं मात्र सगळं त्या टकटकणाऱ्या डिस्कवरच.

काकू: यांना मी तेव्हाच सांगत होते.

दादा: काका, मधला यूएसबी हब काढा. दुसरी केबल घ्या आणि डिस्क थेट लॅपटॉपला लावा. वीज कमी पडली तरी कधी कधी अशी टकटक होते. पण एकदाच हं. नाही उघडली तर डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्यायची, घरी प्रयोग नकोत. उघडली तर 2020 पासूनचे फोल्डर आधी नव्या डिस्कवर घ्या. जुन्यांना हातही लावू नका.

मोठेकाका: उघडली! एकूण 412 जीबी दिसतंय. एकेक फोटो तीन तीनदा आहे. आधी डुप्लिकेट काढतो, म्हणजे कॉपी लवकर होईल.

दादा: काका नको!!

मी: आवराआवर नंतर. आधी कचऱ्यासकट जसं आहे तसं उचला. मी एकदा आधी आवरायला बसले होते. कॅमेरा 9999 नंतर पुन्हा 0001 पासून नंबर देतो हे डोक्यातच नव्हतं. एकाच नावाच्या फाइल दिसल्या, मी रिप्लेस दाबत गेले. एका सहलीवर दुसरी सहल चढली. ती पहिली सहल आता फक्त आमच्या बोलण्यात आहे.

ताई: मग सगळं क्लाउडवरच टाकू या ना, कटकट मिटेल.

मी: टाकूच. पण नेटच्या 20 एमबीपीएस अपलोड वेगाने 412 जीबी जायला सलग जवळपास 46 तास लागतात. ती डिस्क तेवढी थांबेल का? आज डिस्कवर, मग क्लाउडवर. आणि नव्या डिस्कची आणखी एक प्रत दुसऱ्याच्या घरी. एकाच कपाटात दोन डिस्क ठेवल्या तर पाणी शिरल्यावर दोन्ही जाणार.

ताई: दुसरी माझ्याकडे द्या.

दादा: कॉपी झाली की काढून ठेवायची. सतत लावून ठेवली आणि लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, शिरला तर तीही लॉक होईल. आणि तुझा लॅपटॉप मॅक आहे ना ताई? मग डिस्क नवी, रिकामी आहे तोवरच एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट करा काका, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालेल. नवीच हं! जुनी नव्हे.

मोठेकाका: एवढं कळतं मला.

(रात्री 11:40)

मोठेकाका: 2020 पासूनच्या फोल्डरची कॉपी झाली. त्यांत जुन्या डिस्कवर 38,214 फाइल दाखवतंय, नव्यावर 38,209.

दादा: पाच कुठे गेल्या?

मोठेकाका: एरर आल्या, स्किप केल्या. चार त्या थंब्स नावाच्या आहेत.

दादा: त्या विंडोज स्वतःच बनवतं. गेल्या तरी चालतील. पाचवी?

मोठेकाका: 2021 चा फोटो. गच्चीवरचा, तुझ्या काकूचा.

काकू: कुठला? मी हसतेय तो?

आत्या: वहिनी, तो मीच काढला होता. माझ्याकडे आहे, दुपारी ट्रॅशमधून आलेल्यांत. टाकू का ग्रुपवर?

दादा: डॉक्युमेंट म्हणून, आत्या!