शब्दचर्चा: चरबी ‘वितळते’ की ‘जळते’?

प्रश्न
सोसायटीच्या जिममध्ये लावायला एक पान मराठीत करून देतेय. ‘व्यायामाने चरबी वितळते’ असं लिहिलं, तर ट्रेनर म्हणतो, “ताई, बर्न म्हणजे वितळणं कसं?” मला ‘जळते’ खटकतं. स्वयंपाकघरात जळलं म्हणजे वाया गेलं. शिवाय चरबी, मेद, वसा यांतलं काय घ्यावं?

प्रतिसाद १
‘वितळते’ सगळीकडे दिसतं, पण चूक आहे. वितळलेलं तूप तूपच असतं, थंडीत परत थिजतं. आणि अंगातली चरबी ३७ अंशांना बहुतेक पातळच असते, तिला आणखी काय वितळवणार? जळतेच म्हणा. समईतलं तेल रात्रीतून संपतं ते कुठे जातं? हवेत. ज्योतीच्या जरा वर थंड पेला धरा, काचेवर क्षणभर बाष्प धरतं. चरबीचंही तेच, फक्त ज्योत नाही. प्राणवायू लागतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. १० किलो चरबी पुरती जळाली तर साधारण ८.४ किलो श्वासावाटे जाते, १.६ किलोचं पाणी होतं. घामेजलेला टीशर्ट पिळून खूश होणाऱ्यांना हे सांगायला हवं.

प्रतिसाद २
बरोबर, पण जळण्याआधी ती फुटते, आणि तेही दुसऱ्याच ठिकाणी. चरबीच्या पेशीत ट्रायग्लिसराइड साठलेलं असतं, म्हणजे एक ग्लिसरॉल आणि त्याला लटकलेली तीन मेदाम्लं. व्यायाम सुरू झाला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, इन्सुलिन कमी होतं, आणि विकर (एन्झाइम) ती तिन्ही एकेक करून तोडतात. मेदाम्लं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून स्नायूपर्यंत पोचतात. तिथे कार्निटिन या वाहक रेणूच्या मदतीने तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात (मायटोकॉन्ड्रिया) शिरली की दर फेरीला दोन कार्बन कापले जातात. १६ कार्बनांचं पामिटिक आम्ल असेल तर ७ फेऱ्यांत ८ तुकडे. खरं जळणं त्यानंतरचं.

म्हणजे पोटावर फुटते, मांडीत जळते. नुसत्या क्रंचेसनी पोट उतरत नाही ते यामुळेच. मागणी पोटाच्या स्नायूची असली तरी माल अंगभरातून येतो. शास्त्रीय लिहायचं तर पहिल्याला मेदविघटन म्हणा, दुसऱ्याला मेदज्वलन. भिंतीवर मात्र साधी क्रियापदंच बरी.

प्रतिसाद ३
‘वसा’ नको. हिंदीत चालतो, मराठी माणसाला श्रावणातली कहाणी आठवते. ‘घेतला वसा टाकू नको’ म्हणत लोक ट्रेडमिलवरून उतरतील. एक गंमत मात्र सांगतो. सुश्रुतसंहितेत मेद निराळा आणि शुद्ध मांसातला स्नेह ती वसा. स्नायूंच्या तंतूंतही चरबीचे बारीक थेंब असतात आणि व्यायामात तेही खर्ची पडतात. त्यांना आज मराठीत सुटसुटीत नाव नाही, आणि चांगला शब्द व्रतात अडकून पडलाय.

प्रतिसाद ४
आमच्या तालमीत चरबी ‘जिरवतात’. तेच लिहा की!

प्रतिसाद १ (पुन्हा)
जिरवायची ती दुसऱ्याची! चरबी चढणं आणि जिरवणं हे माजाचे शब्द. फी भरून आलेल्या माणसाला ‘तुमची चरबी जिरवू’ म्हटलं तर तो ऑफिसात तक्रार करेल. ‘मेद’ वैद्यांच्या पाटीवर शोभतो, जिममध्ये चरबीच.

धागाकर्ती
धन्यवाद सगळ्यांना. ‘साठलेली चरबी फुटते आणि स्नायूंत जळते’ असं केलं होतं. ट्रेनरने विचारलं, “फुटते म्हणजे आवाज येतो का?” म्हणून आता केलंय: ‘साठ्यातून चरबी सुटते, स्नायूंत जळते.’ छापायला टाकू?

प्रतिसाद २
ताई, सुटतं ते पोट. ‘फुटते’च राहू द्या.