'प्रॅक्टिस'ला मराठीत काय म्हणाल? (डॉक्टरांची सोडून)

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमचा ज्येष्ठांचा गट आहे, दर गुरुवारी जमतो. कुणी चित्रं काढतं, कुणी पेटी वाजवतं, एक आजोबा तीन वर्षं एकच कादंबरी लिहितायत. साठीनंतरही आपलं लिहिणं-गाणं-रंगवणं चालू कसं ठेवायचं, आणि ते ओझं न होता, यावर पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. पत्रक माझ्या गळ्यात पडलं. पाहुण्या बाईंनी विषय इंग्रजीतून पाठवलाय आणि त्यातल्या 'क्रिएटिव्ह प्रॅक्टिस'शी मी अडले आहे.
'सर्जनशील सराव' लिहिलं तर नातू म्हणाला, "आजी, नेटमध्ये बॅटिंग करणार का तुम्ही?" 'कलासाधना' लिहिलं तर निम्म्या बायका म्हणाल्या, मग आम्ही नाही येत बाई, आम्ही कसली साधना करतोय. 'छंद' लिहिलं तर कादंबरीवाले आजोबा रुसले. परवा छापायला द्यायचंय. सुचवा काहीतरी.

नीरक्षीर
ताई, शब्द तयार आहे: अभ्यास. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची कारणं सांगताना शक्ती आणि निपुणता यांच्या जोडीला अभ्यासच ठेवला आहे. तुकोबा म्हणतात, 'असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे ॥' इथे पुस्तक उघडून बसणं अभिप्रेत नाही, पुन्हा पुन्हा करणं अभिप्रेत आहे. 'कलाभ्यास' लिहा आणि मोकळ्या व्हा.

तर्रीवाला
काका, 'अभ्यास' वाचलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो. बारावीचं गणित आठवतं. साठीच्या माणसांना पुन्हा अभ्यासाला बसवू नका.

नीरक्षीर
अर्थ आक्रसला तो शाळांमुळे. त्यात शब्दाचा काय दोष? योगसूत्रांत अभ्यासाबद्दल सूत्र आहे: 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः'. दीर्घ काळ, खंड न पाडता, आणि सत्कारपूर्वक केला तर तो पक्का होतो. ताईंच्या कार्यक्रमाचा अख्खा विषय या एका ओळीत आहे.

सिन्नरची सून
सत्कारपूर्वक म्हणजे शाल-श्रीफळ देऊन का? 😄

नीरक्षीर
सत्कार म्हणजे आदर. करत असलेल्या गोष्टीबद्दलचा आदर.

सिन्नरची सून
ते कळलं हो. पण गंमत बघा, अभ्यासाचा झाला गृहपाठ आणि सत्काराचा झाला हार. मधलं नैरंतर्य तेवढं कुणी उचललं नाही.

खर्जातला
इतका खल कशाला? रियाज! गाणारा रियाज करतो, तबलजी करतो, आता चित्रकारही म्हणतात, 'सकाळी रेषांचा रियाज करतो.' शब्द गाण्यातून बाहेर पडून सगळ्या कलांत पोचलाय. मी स्वतः बासष्टाव्या वर्षी खर्ज भरतो. शेजारी तक्रार करतात, तरी भरतो.

नीरक्षीर
रियाज अरबी आहे. मराठीत शब्द असताना उसनवारी नको. भगूर आपल्या शेजारचं. सावरकरांनी 'महापौर' दिला, 'दिग्दर्शक' दिला, ते शब्द आज कुणाला खटकतात? त्याच्या किती आधी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. आणि नाशकात बसून आपण 27 फेब्रुवारीला फक्त फेटे बांधायचे?

तर्रीवाला
काका, आज संध्याकाळी एक करा. सराफ बाजारातून सरकारवाड्यापर्यंत चालत जा. सराफ अरबी, बाजार फारसी, सरकार फारसी. अरबी-फारसी बाजूला काढून पत्ता सांगायचा ठरवलात तर 'वाडा' तेवढा हाती राहील.
आणि याच धाग्यात अजून यायचेत ते हौस, मेहनत, तालीम. तिन्ही तिकडचे. हौस म्हणजे मूळ 'हवस'. हिंदीत त्याचा काय अर्थ उरलाय तो बघा आणि आपण त्याचं काय गोड करून ठेवलंय तेही बघा.

खर्जातला
'रियाज अरबी आहे' यावरून आठवलं. मी अकरा वर्षं आखातात नोकरीला होतो. पहाटे तानपुऱ्याची पेटी लावून बसायचो. एका अरब सहकाऱ्याला अभिमानाने सांगितलं की मी रोज दोन तास रियाज करतो. त्याने कौतुकाने विचारलं, "कोणता खेळ?" त्यांच्याकडे 'रियाझा' म्हणजे क्रीडा! माझ्या पोटाकडे बघून त्याला तो खेळ कोणता असावा हे काही सुचेना.

कानामात्रा
मूळ तर आणखी रंजक आहे. त्या धातूचा एक अर्थ शिंगराला वळण लावणं, अंगावर स्वार घेण्याची सवय करणं. म्हणजे रियाज ही मुळात घोड्याची गोष्ट. आपणही अक्षराला 'वळण' आहे म्हणतो, मुलाला 'वळण' लावतो.

तर्रीवाला
आणि सौदीच्या राजधानीचं नाव? रियाध?

कानामात्रा
धातू तोच, अर्थ मात्र बागा.

तर्रीवाला
ठरलं तर. रियाज म्हणजे बागेत घोडा सोडणे. पत्रकावर छापा.

पाटीपेन्सिल
घोडे आवरा हो, माझं पत्रक राहिलंय. 'रियाज' मला आवडतो, पण आमच्या गटात भरतकाम करणाऱ्या दोघी आहेत. 'भरतकामाचा रियाज' कानाला बरं वाटेना. 'व्यासंग' कसा वाटतो?

गुरुजी निवृत्त
उत्तम शब्द. व्यासांचा संग म्हणजे व्यासंग. अखंड वाचन-मनन.

नीरक्षीर
क्षमा असावी, पण व्यासांचा इथे काही संबंध नाही. वि + आ + संग. चिकटून राहणं, गुंतून पडणं. संस्कृतात त्याला फाजील आसक्तीचीही छटा आहे.

गुरुजी निवृत्त
मी 34 वर्षं वर्गात व्यासांचा संग असंच शिकवलं. एकाही विद्यार्थ्याचं काही बिघडलं नाही.

सिन्नरची सून
बिघडलं नाही गुरुजी, पण व्यासंग फक्त पुस्तकवाल्यांचा असतो. 'त्यांचा पैठणीचा व्यासंग दांडगा होता' असं म्हटलं तर तो माणूस पैठणीवर ग्रंथ लिहिणारा वाटतो. येवल्यात मागावर बसून पैठणी विणणाऱ्याला व्यासंगी कोण म्हणतं?
आपल्याकडे शब्दांचेही वाडे आहेत. माडीवर साधना, तपश्चर्या, रियाज, व्यासंग. तिथे गेलात तर निदान बुवा किंवा पंडित तरी असायला हवं. तळघरात छंद, नाद, हौस, विरंगुळा. त्यातही छंदाला 'छंदीफंदी' चिकटलेलं आणि नादाला 'नादी लागला'. आणि आमच्यासारखी माणसं, जी तीस-चाळीस वर्षं काहीतरी मनापासून करतात, बरी करतात, महान करत नाहीत, त्यांनी मधल्या जिन्यात उभं राहायचं.

तर्रीवाला
+१. हौशे, नवशे, गवशे यांतले आपण कोण तेवढं ठरवायचं बाकी.

खर्जातला
हौशीला नावं ठेवू नका. हौशी रंगभूमी नसती तर मराठी नाटकाला नट कुठून मिळाले असते? आमच्या वेळी दिवसभर नोकरी, रात्री तालीम, पहाटे घरी. तालमीच्या खोलीतल्या चहाचं बिलही पदरचं. 'हौशी' म्हणजे कच्चा असं नव्हतं, पोट त्यावर नाही इतकंच. बाय द वे, 'तालीम' मुळात शिकवण. आपण तिला नाटकात नेलं आणि आखाड्यातही नेलं.

कानामात्रा
आणि आखाड्यात जोर-बैठका मारण्याला पैलवान 'मेहनत' म्हणतात. 'मेहनत केली का आज?' म्हणजे व्यायाम झाला का.

गुरुजी निवृत्त
मूळ प्रश्न उतारवयाचा आहे ना? तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं घ्या. 'विशाखा' आली 1942 साली, तेव्हा ते तिशीत. 'नटसम्राट' 1970 चं, म्हणजे वय 58.

तर्रीवाला
58! राज्य सरकारी नोकरीत असते तर त्या वर्षी निरोप समारंभ झाला असता. पुष्पगुच्छ, घड्याळ आणि 'आता नातवंडांत रमा'.

खर्जातला
आणि त्र्यंबकचे फाळके? 'गंगावतरण' 1937 सालचं. वय 67, आयुष्यभर मूकपट केले आणि म्हातारपणी पहिला नि शेवटचा बोलपट. त्यालाही 'छंद' म्हणणार का?

नीरक्षीर
थोरामोठ्यांची उदाहरणं देऊन सिन्नरच्या ताईंचा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय. त्या माडीबद्दल बोलत नव्हत्या.

सिन्नरची सून
नीरक्षीर काका, पहिल्यांदा आपलं जमलं!

प्रेसवाल्याचा मुलगा
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोकरी नोटांच्या कागदाशी, जीव जलरंगात. दर रविवारी पहाटेची बस धरून गोदाघाटावर. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, ओल्या पायऱ्या, भाजीवाल्या. चाळीस वर्षांत एकदाही प्रदर्शन नाही. चित्रं लोखंडी ट्रंकेत, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये.
ते ना साधना म्हणायचे, ना छंद. ते म्हणायचे 'बसणं'. 'आज बसलो.' 'या रविवारी बसता आलं नाही, बहिणीकडे लग्न होतं.' आई शेजारणीला सांगायची, "ते घाटावर बसायला गेलेत." शेजारीण बिचारी समजायची की कुणाचे दिवसपाणी आहेत.
डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा रेषा हलायला लागल्या. मी म्हटलं, आता कशाला जाता? म्हणाले, "चित्राला कुठे जातो, बसायला जातो." ऑपरेशननंतर पहिल्या रविवारी गेले आणि संध्याकाळी जुन्या ट्रंकेतली दोन वर्षांची चित्रं काढून बघत बसले. हसत होते. म्हणाले, "पाणी पिवळं केलंय सगळीकडे."

पाटीपेन्सिल
वाचून थांबले क्षणभर. 'बसणं' किती साधं. गाण्यालाही बसतात, मागावरही बसतात, लिहायलाही.

नीरक्षीर
आणि मग 'बैठक' हे नाम आपोआप मिळतं. 'कलेची बैठक'. उपविष्ट, बइट्ठ, बैठ अशी वाट, म्हणजे अस्सल घरचा शब्द. कुणाकडून आणावा लागत नाही.

तर्रीवाला
बैठक म्हटलं की लोक चटईवर अजेंडा शोधतील. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

खर्जातला
किंवा लावणीची बैठक समजून भलतीच गर्दी होईल. गंगापूर रोडला पार्किंग नाही.

तांबट आळी
तुम्ही बसण्यावर बोलताय, आमच्याकडे शब्द ठोक्याचे आहेत. आजोबा भांडी घडवायचे. भांडं आकाराला आलं की त्यावर बारीक ठोके सारखे मारत जायचे, त्याला मठारणं म्हणतात. ठोका एकसारखा पडला पाहिजे. पाहुणा आला, बोलणं चाललंय, हात चालूच.
एक सांगतो, ज्यावर इथे कुणी बोललं नाही. तांबं ठोकत राहिलं की कडक होत जातं. कडक झाल्यावर आणखी ठोकलं तर चिरतं. मग लाल तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की पुन्हा नरम. लोखंडाचं उलट, ते असं बुडवलं तर उलट कडक होतं. आजोबा म्हणायचे, पोराला आधी ठोकायला नाही, कधी थांबायचं ते शिकवायचं. आता वरचे नीरक्षीर साहेब 'खंड न पाडता' म्हणाले. आमच्या धंद्यात खंड पाडला नाही तर भांडं जातं.

नीरक्षीर
नैरंतर्य म्हणजे विश्रांती नाही असा अर्थ होत नाही.

तांबट आळी
होत नसेल. पण ऐकणाऱ्याला तसाच लागतो. माझी बहीण बारा वर्षं गाणं शिकली. एक दिवस चुकला तरी बोलणी खायची. लग्नानंतर चार महिने जमलं नाही आणि तिला वाटलं, आता खंड पडला, संपलं. पुन्हा तोंड उघडलं नाही. शब्द जड असला की असं होतं.

खर्जातला
शिस्त नको का मग? सगळ्यांनी मनाला येईल तेव्हा गायचं असेल तर त्याला आंघोळीतलं गाणं म्हणतात. चार महिने गळा न फिरवता गाऊन दाखवा, मग बोलू.

सिन्नरची सून
चार महिने गळा का फिरला नाही हे तिला विचारलं होतं का कुणी? सासरी पहाटे पाचला खर्ज भरणारी सून तुम्ही पाहिलीय का काका? मी नाही.
माझ्या सासूबाई गोधड्या शिवायच्या. उन्हाळ्यात, वाळवणं संपली की. जुनी लुगडी, धोतरं, आणि वर ठिगळांची अशी रंगसंगती की बघत राहावं. पावसाळ्यात बंद, पेरणी. दिवाळीत बंद, पाहुणे. मग पुन्हा उन्हाळा. अशी पन्नासेक वर्षं. एकदा विचारलं, आत्या, याला काय म्हणता तुम्ही? म्हणाल्या, "कशाला?" मी म्हटलं, हे जे करता ते. "गोधडी," म्हणाल्या.

पाटीपेन्सिल
मंडळी, कळवायचं राहिलं. परवा रात्रीपर्यंत ठरेना, म्हणून मसुद्यात तात्पुरतं 'कलेची प्रॅक्टिस: साठीनंतर' लिहून ठेवलं होतं. छापणाऱ्याने तेच छापलं. तीनशे प्रती. खाली माझा नंबर. सकाळपासून दोन फोन आले, मॅडम कुठल्या विषयाच्या स्पेशालिस्ट आहेत आणि बसतात किती वाजता.

तर्रीवाला
बसतात! नीरक्षीर काका, बसतात!!

नीरक्षीर
तीनशे प्रतींवर चिकटपट्टी लावता येईल. मी येतो मदतीला. पट्टीवर 'अभ्यास'.

खर्जातला
मीही येतो. पट्टीवर 'रियाज'.

कानामात्रा
तांबट आळी, एक विचारायचं होतं. मठारण्याची ती हातोडी वेगळी असते का? तिला काय म्हणतात? आणि 'मठ्ठ'शी याचा काही संबंध असेल का?

तांबट आळी
वेगळी असते, तोंड गुळगुळीत. आमच्याकडे एक पडून आहे माळ्यावर, काढून फोटो टाकतो. मठ्ठचं माहीत नाही. आजोबा मला म्हणायचे बुवा, पण ते वेगळ्या कारणाने.