गुंगीचं औषध नको, चष्मा लावा? जरा थांबा

भूलवाला
काल इथे 'नवयुग' यांनी लिहिलं, "कानात गाणी आणि डोळ्यांवर व्हीआरचा (आभासी जग दाखवणारा) चष्मा, संपली ऑपरेशनची भीती. गुंगीची औषधं ही आता डॉक्टरांची निव्वळ सवय उरली आहे." रात्री ड्यूटीवरून येऊन हे वाचलं. २१ वर्षं लोकांना झोपवतोय, काल माझीच उडाली.

संगीताशी माझं वैर नाही. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा आढावा आला होता, जवळपास ७,००० रुग्णांचा. गाणी ऐकलेल्यांना नंतर दुखलं कमी, घालमेल कमी, वेदनाशामकंही कमी लागली. पूर्ण भूल दिलेल्यांनासुद्धा थोडा फायदा दिसला. पण रुग्णालयातला मुक्काम एका दिवसानेही घटला नाही. हे वाक्य फॉरवर्ड करताना नेमकं गळतं.

आता चष्मा. तुम्ही नाचवताय तो अभ्यास २०२२ चा, हाताच्या शस्त्रक्रियांचा. रुग्ण किती? ३४. बिनचष्म्याच्या गटाला प्रोपोफॉल, म्हणजे गुंगीचं औषध, तासाला ७५० मिलिग्रॅमच्या आसपास लागलं, चष्मेवाल्यांना १२५. आकडा मोठा आहे, मान्य. पण त्याच चष्मेवाल्यांना जागा बधिर करायचं औषध जादा टोचावं लागलं, ते कुठे गेलं तुमच्या लेखातून? शिवाय कोणी चष्मा घातलाय हे औषध देणाऱ्याला ढळढळीत दिसत होतं. हात आपोआप आखडता राहणारच.

आणि चष्मा घातला की रुग्णाचा चेहरा मला दिसत नाही. मॉनिटर नाडी सांगतो, कपाळावरची आठी नाही सांगत.

टाके_सात
तुमच्या ७३ चाचण्या तुम्हालाच लखलाभ. माझं हर्नियाचं ऑपरेशन पाठीत सुई देऊन झालं. कंबरेखाली मी नव्हतोच, पण कान होते ना टेबलावर! हत्यारं ट्रेमध्ये आपटल्याचा आवाज, जळक्या मांसाचा वास (माझ्याच), आणि मध्येच सर्जन म्हणाले, "अरे, हे वाकडं बसलंय." माझं काय वाकडं बसलंय? घाम फुटला. नंतर कळलं, वरच्या दिव्याचा दांडा. त्या क्षणी कोणी कानात ढोल वाजवले असते तरी मी पाया पडलो असतो.

भूलवाला
मग गुंगीचं औषध मागायचंत की.

टाके_सात
मागितलं. "थोडंच राहिलंय" असं उत्तर मिळालं. पुढची ४० मिनिटं थोडंच राहिलं होतं.

ओटीतली_ताई
इथे सगळे रुग्णाच्या कानात काय घालायचं यावर भांडताय. त्या खोलीत आधीच कोणाची गाणी चालू असतात, हे विचारा ना कोणीतरी! सर्जनची. रुग्ण आत येतो तेव्हा स्पीकर दणाणत असतो. तो थरथरत पडलेला आणि आमचे साहेब ठेका धरून हात धुतायत. २०१५ मध्येच २० ऑपरेशनांचं चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास आला होता. गाणी चालू असली की तीच वस्तू पुन्हा पुन्हा मागावी लागण्याचं प्रमाण वाढतं, असं निघालं. आम्हाला त्यासाठी अभ्यास नको होता म्हणा. मी "कोणता धागा?" असं तिसऱ्यांदा विचारलं की मीच बहिरी ठरते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

कात्रीवाला
झालं, आले सर्जनवर घसरून. ताई, चार तास मान मोडून उभं राहायचं असतं आम्हाला. गाण्याने हात स्थिर राहतो, टीमचा मूड राहतो. आणि हे खूळ आजचं नाही. इव्हान केन नावाच्या सर्जनने १९१४ मध्येच ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ ठेवला होता आणि तसं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लिहिलंही होतं. ११० वर्षांची परंपरा आहे ही.

ओटीतली_ताई
वाचलंत तर पूर्ण वाचा की साहेब. त्याने तो रुग्णाचं लक्ष भीतीवरून दुसरीकडे वळावं म्हणून ठेवला होता, स्वतःच्या मूडसाठी नाही. आणि याच केनने १९२१ मध्ये जागा बधिर करून स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. टेबलावर पडलेल्याला काय वाटतं, ते त्याने निदान पडून तरी पाहिलं होतं.

कात्रीवाला
म्हणजे आता गाणं लावण्याआधी मी माझं अपेंडिक्स काढू?

ओटीतली_ताई
नको. आवाज कमी करा म्हटलं की "तू ट्रेकडे बघ" म्हणणं सोडा, तेवढं पुरे.

कात्रीवाला
मी असं कधीही म्हटलेलं नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. दोन टवाळ सर्जन भेटले म्हणून अख्ख्या पेशाला बोल लावायचा?

ओटीतली_ताई
दोन नाही. मोजायचं सोडून दिलं.

शंकेखोर
सर्जनचा स्पीकर बाजूला ठेवून मूळ मुद्दा. घालमेल मोजतात कशी? २० प्रश्नांचा कागद भरून. "मला शांत वाटतंय: अजिबात नाही / थोडंसं..." ज्याला मायेने हेडफोन लावलाय, तो भिडेखातर तरी बरी खूण करणारच. तुलनेसाठी खोटी गोळी देतात, तशी जाग्या माणसाला खोटी गाणी ऐकवता येत नाहीत.
तरीही दुसरी बाजू सांगतो. २०१९ मध्ये नर्व्ह ब्लॉकच्या (नसेजवळ सुई देऊन तो भाग बधिर करण्याच्या) आधी १५७ जणांवर चाचणी झाली. अर्ध्यांना शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध, अर्ध्यांना हेडफोनवर संगीत. घालमेल दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरली! मात्र समाधान मिडाझोलामवाल्यांचं जास्त, आणि हेडफोनमुळे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही एकमेकांशी बोलणं अवघड गेलं. आता ज्याला जे हवं ते उचला.

नवयुग
म्हणजे औषधाइतकाच परिणाम, आणि श्वास मंदावण्याचा धोका शून्य. हेच तर मी म्हणत होतो, आणि भूलवाल्यांना झोप लागली नाही! भाजलेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगच्या वेळी वॉशिंग्टन विद्यापीठात बर्फाचं आभासी जग दाखवायला लागून दोन दशकं उलटली. वेदना कमी होतात, हे तिथे वारंवार दिसलंय.

भूलवाला
तिथे अफूवर्गातली वेदनाशामकं बंद केली नव्हती हो! चष्मा औषधाच्या जोडीला होता. 'जोडीला' आणि 'ऐवजी' यांतला फरक कळला तर मी आजच झोपतो. आणि मोतीबिंदूच्या रुग्णाला चष्मा लावणार कुठे, कपाळाला?

उलटी_बाजू
मला लावला होता. गुडघ्याच्या वेळी, समुद्राखालचं जग. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. मग मासे एका बाजूला गेले आणि माझं पोट दुसऱ्या बाजूला. उताणं पडून ओकारी आवरण्याइतकी एकाग्रता मी आयुष्यात दुसऱ्या कशावर केलेली नाही. गुडघ्याचा विसर पडला, हे मात्र खरं.

नवयुग
मग परिणाम झालाच की :)

भूलवाला
हसलो. बरं, एक कबूल करतो, पण याचं भांडवल करू नका. माझ्या आईच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा तिला मिडाझोलाम दिलं. दिलं माझ्या सहकाऱ्याने, पण "थोडं दे, घाबरलीय" हे मीच म्हटलं. वय ८१. त्या वयात या औषधाने भ्रम होऊ शकतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. नंतरचे दोन दिवस ती मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारत होती. औषधामुळे की हाडामुळे की वयामुळे, ते सांगता येणार नाही. पण तिच्या उशाशी तिचा छोटा रेडिओ होता. तो खोलीच्या दाराशी सिस्टरने काढून घेतला, आणि मी काही बोललो नाही.

टाके_सात
हे आधी लिहिलं असतंत तर मी तुमच्याशी भांडलोच नसतो.

भूलवाला
भांडा हो. त्या ३४ रुग्णांच्या अभ्यासाबद्दलचं मत बदललेलं नाही माझं.

कात्रीवाला
ठीक आहे. रुग्ण जागा असेल तर गाणं त्याच्या आवडीचं, आवाज ताई ठरवतील. तो झोपला की माझं. यापुढे एक पाऊल नाही.

शंकेखोर
हे लेखी घ्या, ताई.

ओटीतली_ताई
लेखी कशाला? उद्या पहिली केस आठची आहे आणि स्पीकरचं चार्जर माझ्या कपाटात.