न्या. जेरार्ड होगन: प्राध्यापक न्यायाधीश कसे झाले? निकाल कुठून वाचावेत?

प्रश्न
आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टातले न्या. होगन मूळचे कायद्याचे प्राध्यापक, असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं. तिथे प्राध्यापकाला थेट न्यायाधीश नेमतात का? आणि त्यांचे निकाल कोणत्या क्रमाने वाचावेत?

प्रतिसाद १
थेट नाही. ट्रिनिटी कॉलेज डब्लिनमध्ये शिकवत असतानाच ते वकिलीही करत होते. 1984 मध्ये बॅरिस्टर, 1997 मध्ये सीनियर काउन्सेल (ज्येष्ठ वकिलाचा दर्जा). हायकोर्टासाठी किमान 12 वर्षांची वकिली लागायची, ती अट त्यांनी बॅरिस्टर म्हणून पुरी केली. नुसत्या प्राध्यापकीवर 2010 मध्ये हायकोर्टात नेमणूक झालीच नसती. कायद्याच्या प्राध्यापकांसाठी वाट उघडली ती 2023 च्या न्यायिक नियुक्ती आयोग कायद्याने, आणि त्यातही प्रत्यक्ष वकिलीच्या अनुभवाची अट आहेच.

निकाल शोधताना लोक अडकतात ते निकालाच्या क्रमांकातल्या कोर्टाच्या संकेताक्षरांत. 2010 ते 2014 आयईएचसी (हायकोर्ट), नवं अपील न्यायालय सुरू झाल्यावर 2014 ते 2018 आयईसीए, 2021 पासून आयईएससी (सुप्रीम कोर्ट). मधली तीन वर्षं आयरिश संकेतस्थळांवर रिकामी दिसतील, कारण ते लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयात ॲडव्होकेट जनरल (निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे) होते. तिथे त्यांनी दिली ती मतं. ती न्यायालयावर बंधनकारक नसतात, म्हणून ‘होगन यांचा निकाल’ म्हणून उद्धृत करू नका.

प्रतिसाद २
सुरुवात आयरिश राज्यघटनेच्या कलम 40.5 पासून करा: नागरिकाचं राहतं घर अभंग आहे, कायद्याला धरून असल्याशिवाय त्यात जबरदस्तीने शिरता येणार नाही. बहुतेक वकील हे कलम पोलिसी झडतीपुरतं वापरायचे. होगन यांनी ते पार नियोजन कायद्यापर्यंत नेलं. विकलो काउंटी कौन्सिल विरुद्ध फॉर्च्युन (2012) हा विनापरवाना बांधलेल्या घराचा खटला. घर पाडण्याचा आदेश मागणाऱ्या कौन्सिलने तशी खरोखर गरज आहे हे दाखवावं, असं त्यांनी म्हटलं. युक्तिवादाची बांधणी सुंदर आहे. पण एवढंच वाचून थांबलात तर फसाल: किन्सेला (2015) मध्ये हायकोर्टाच्याच अध्यक्षांनी वेगळी वाट धरली आणि मीथ काउंटी कौन्सिल विरुद्ध मरे (2017) मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी नाकारल्यावरही बांधलेलं घर पाडण्याचा आदेश कायम केला. तिन्ही एका बैठकीत वाचा.

मग आश्रय मागणाऱ्यांच्या कामाच्या हक्काचा एनएचव्ही खटला. अपील न्यायालयात होगन यांचं भिन्नमत होतं (2016). पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने सरसकट बंदी तत्त्वतः घटनाबाह्य ठरवली. त्यांची पद्धत कळायला हे भिन्नमत सगळ्यात उपयोगी.

प्रतिसाद ३
श्रेम्स खटल्याबद्दल (फेसबुक युरोपातल्या लोकांची माहिती अमेरिकेत पाठवतं, त्याला आव्हान देणारा) एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो. ‘सेफ हार्बर’ (अशी माहिती अमेरिकेत पाठवू देणारा युरोपीय निर्णय) होगन यांनी रद्द केलं, हे चूक. 18 जून 2014 च्या निकालात त्यांनी आधी आयरिश घटनेच्या कसोटीवर प्रश्न तपासला, घरात बसून केलेल्या खासगी संभाषणावर सामूहिक पाळत हा कलम 40.5 शी भिडणारा मुद्दा आहे असं मांडलं, आणि विषय युरोपीय कायद्याच्या कक्षेतला म्हणून प्रश्न लक्झेंबर्गकडे पाठवला. रद्द केलं ते तिथल्या न्यायालयाने, 6 ऑक्टोबर 2015 ला. दुसऱ्या श्रेम्स खटल्याच्या वेळी होगन तिथेच ॲडव्होकेट जनरल होते, पण त्यातलं मत त्यांचं नाही.

प्रश्नकर्ता
ग्रंथ कोणता घ्यावा?

प्रतिसाद २
जे. एम. केली यांचा आयरिश राज्यघटनेवरचा ग्रंथ. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून होगन त्याच्या लेखकांत आहेत. 2018 ची पाचवी आवृत्ती घ्या. जुन्या प्रतीत अपील न्यायालयच सापडणार नाही.