प्रतिसाद: धुरक्यासाठी सरळ ग्रेडियंट नको

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये डोंगरांचं दृश्य करताना व्हॉल्यूमेट्रिकच्या (हवेतलं धुरकं खरोखर गणून काढण्याच्या) वाटेला न जाता मिस्ट पास (प्रत्येक पिक्सेलचं अंतर ० ते १ मध्ये दाखवणारं करडं चित्र) घेऊन कॉम्पोझिटिंगमध्येच, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रावर नंतर धुरकं मिसळावं, हे मूळ पोस्टमध्ये म्हटलंय ते मलाही पटतं. स्थिर दृश्यासाठी तासन्‌तास रेंडर कशाला? पण त्या पासला सरळ रेषेतला ग्रेडियंट लावायचा, म्हणजे धुरकं अंतरासोबत एकसारखं वाढवायचं, हे त्यातलं म्हणणं मात्र नाही पटत. खऱ्या हवेत कॉन्ट्रास्ट अंतरासोबत घातांकाने घटतो. हवामानशास्त्रज्ञ कोशमीडर यांच्या १९२४ च्या सूत्रात कॉन्ट्रास्ट २ टक्क्यांवर आला की दृश्यमानता संपली असं धरतात. त्या हिशेबाने दृश्यमानता १० किलोमीटर असेल तर १ किलोमीटरवरच्या टेकडीचा साधारण ६८ टक्के कॉन्ट्रास्ट उरतो, ३ वर ३१ आणि ५ वर जेमतेम १४. सरळ ग्रेडियंट ५ किलोमीटरवर निम्मा ठेवतो, म्हणून मधल्या डोंगररांगा कापून चिकटवल्यासारख्या दिसतात.

ब्लेंडरमध्ये हे अगदी सोपं आहे. मिस्टची सुरुवात शून्यावर, खोली हव्या त्या दृश्यमानतेइतकी आणि फॉलऑफ (अंतरासोबत पासचं मूल्य कसं वाढतं ते) लिनियर ठेवायचा, म्हणजे पास नुसतं अंतर देतो आणि घातांक आपण नंतर लावतो. मग मॅथ नोडने (कॉम्पोझिटिंगमधल्या गणित करणाऱ्या ठोकळ्याने) त्या पासला उणे ३.९१२ ने (वरच्या २ टक्क्यांचा, म्हणजे ०.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम) गुणून एक्स्पोनंट लावला की प्रत्येक पिक्सेलला मूळ चित्र किती उरतं ते मिळतं. बाकीचा वाटा धुरक्याच्या रंगाचा. आकाश मास्कने वेगळं काढा, नाहीतर तेही त्याच रंगात बुडतं. मिस्टऐवजी झेड पास (कॅमेऱ्यापासूनचं कच्चं अंतर देणारा पास) घेऊ नका. त्याला अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) नसतं, आणि माझ्या एका दृश्यात झाडांच्या शेंड्यांभोवती दातेरी कडा आल्या त्या त्यामुळेच.