मदत हवी आहे : क्लोन ॲपच्या आत चालणारे आमचे ॲप खात्रीने कसे ओळखावे?

नमस्कार. नाशिकमधील एका पतसंस्थेचे पिग्मी वसुलीचे अँड्रॉइड ॲप आमची छोटी टीम सांभाळते. रविवार कारंजा, पंचवटी, सातपूर या भागांतील एजंट दुकानदारांकडून आणि भाजीविक्रेत्यांकडून रोजची रक्कम घेऊन तिथल्या तिथे नोंद करतात. त्यांपैकी काही जण दोन शाखांचे काम पाहत असल्याने एकाच फोनवर दोन लॉगिन ठेवण्यासाठी क्लोन ॲप (दुसऱ्या ॲपची प्रत स्वतःच्या आत चालवणारे ॲप) वापरतात. त्यांचा हेतू वाईट नाही. दोन शाखांची सोय आमच्याच ॲपमध्ये देण्याचे काम सुरूही आहे. तरीही रोज थोडे थोडे बाजूला टाकणाऱ्या माणसांचा हिशेब अनोळखी ॲपच्या हाती जावा, हे मला मान्य नाही.

अशा क्लोन ॲपमध्ये, म्हणजे यजमान ॲपमध्ये, आमचे ॲप रीतसर इन्स्टॉल होतच नाही, ते यजमानाच्याच यूआयडीखाली (अँड्रॉइड ॲपला देते तो ओळख क्रमांक) चालते. दोन ॲपांमध्ये अँड्रॉइडने उभी केलेली भिंत त्यामुळे उरत नाही, आणि यजमान आमच्या खासगी फायली व लॉगिन टोकन वाचू शकतो, शिवाय आमचा कोड सुरू होण्याआधीच स्वतःचे हुक (आमच्या कॉलची उत्तरे मध्येच बदलणारा कोड) बसवू शकतो. फोन रूट केलेला (सिस्टीमचे पूर्ण अधिकार खुले केलेला) नसतो, म्हणून रूट तपासणीला काहीच सापडत नाही.

डेटा फोल्डरच्या मार्गात परक्या पॅकेजचे नाव शोधणे हा प्रचलित उपाय आहे, परंतु ते उत्तर हुक लावून बदलता येते. उलट शाओमीचे ड्युअल ॲप्स किंवा वर्क प्रोफाइल ही खुद्द सिस्टीमने दिलेली वेगळी युजर खाती असतात. तिथे मार्गात 0 ऐवजी 999 किंवा 10 असा आकडा दिसतो आणि ढोबळ तपासणीत विनाकारण तो एजंट अडकतो. प्ले इंटेग्रिटीमध्ये (ॲप व फोन अस्सल आहेत का ते तपासणारी गूगलची सेवा) यूआयडी जुळत नसल्याची त्रुटी आहे, पण ती फोनवरच मिळते. सर्व्हरला केवळ टोकन आले नाही एवढेच कळते, आणि नेटवर्क नसतानाही तेच घडते.

म्हणून मी कीस्टोअरच्या (अँड्रॉइडमधील गुप्त की जपणारी व्यवस्था) की अटेस्टेशनकडे, म्हणजे की कुठे आणि कोणासाठी तयार झाली याच्या प्रमाणपत्राकडे, वळलो आहे. त्याच्या प्रमाणपत्रात पॅकेजचे नाव आणि ॲपच्या सहीच्या प्रमाणपत्राचा डायजेस्ट (हॅश) सिस्टीम स्वतः, कॉल करणाऱ्या यूआयडीवरून भरते. त्यामुळे क्लोनमध्ये तिथे यजमानाचेच नाव यायला हवे, तर ड्युअल ॲप्समध्ये आमचेच राहील. तळघरातील दुकानांत नेटवर्क मिळत नसल्याने नोंदी नंतर सिंक होतात. त्यासाठी लॉगिनच्या वेळी सर्व्हरने दिलेल्या चॅलेंजवर (दर वेळी नवी असणारी यादृच्छिक संख्या) की तयार करायची, प्रमाणपत्रांची साखळी सर्व्हरवरच तपासायची आणि पुढची प्रत्येक नोंद त्याच कीने सही करायची, असा विचार आहे. की यूआयडीला बांधलेली असल्यामुळे मूळ ॲपमध्ये तयार झालेली की क्लोनला वापरता येऊ नये.

या विचारात कुठे फट राहते का? ज्या जुन्या फोनांमध्ये अटेस्टेशन हार्डवेअरमधून मिळत नाही, तिथे एजंटचे काम बंद न पाडता काय करावे? प्रत्यक्ष हे राबवलेल्या कोणी आपला अनुभव लिहिल्यास आभारी राहीन.