शाळेसमोरचा रस्ता सुरक्षित करायला पैसे कोणत्या निधीतून मागायचे?

सायकलवाली

आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. बसस्थानकाकडून शाळेकडे जाणारा रस्ता सिमेंटचा झाला आणि तेव्हापासून तो ओलांडणं जास्तच अवघड झालंय. आधी खड्डे होते म्हणून गाड्या झक मारत हळू यायच्या. आता डंपरसुद्धा सुसाट. वरून काँक्रीटची कड बाजूच्या मातीपेक्षा जवळजवळ वीतभर उंच राहिलीय. साईडपट्टी भरलेलीच नाही, त्यामुळे सायकलवरच्या मुलांना मागून गाडी आली तरी खाली उतरता येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना वर चढता येत नाही. फुटपाथ नाही, झेब्रा नाही.

नगरपरिषदेत गेलो तर म्हणाले, निधी नाही आणि तो रस्ता मुळात आमचा नाही. बांधकाम विभागात गेलो तर म्हणाले, शहरातलं नगरपरिषदच बघते. असल्या कामांसाठी सरकारचा वेगळा निधी असतो का? असला तर कोणाकडे आणि कधी मागायचा? जनजागृती करा, हेल्मेट घाला, हे सांगू नका प्लीज. तिसरीतल्या मुलीला रस्ता ओलांडायचा आहे.

चौकातला

एवढं कशाला डोकं लावताय? आमदार निधी वर्षाला ५ कोटी असतो. दहा-पंधरा पालक मिळून भेटा, फोटो काढा, दोन गतिरोधक आठवड्यात पडतील. आमच्याकडे तसेच पडले.

निवृत्त शाखा अभियंता

चौकातले, तुमच्याकडचे ते दोन गतिरोधक मोजून बघा एकदा. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्त्यांची मापं ठरवते, तिच्या आयआरसी ९९ या मानकात गोलाकार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून नीट जाते. आठवड्यात पडतो तो हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा. रात्री त्यावर दुचाकीवाला आपटतो, मागे बसलेली बाई पडते, आणि महिन्याभरात कोणीतरी तो कुदळीने फोडून टाकतो.

सायकलवाली ताई, मी नोकरीची बरीच वर्षं नगरपरिषदांच्या बांधकाम शाखेत काढली. निधी कुठला हा प्रश्न दुसरा. आधी रस्ता कोणाचा, ते कागदावर काढा. साधारणपणे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि हद्दीतले बाकीचे नगरपरिषदेकडे. गावाची हद्द वाढते, पण मोठ्या रस्त्याचं हस्तांतर कागदावर झालेलं असतंच असं नाही, म्हणून दोन्हीकडून तुम्हाला तोंडी टोलवलं. तोंडी उत्तराला काही किंमत नाही. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज दोन्ही कार्यालयांत टाका आणि चार गोष्टी मागा: रस्त्याचा वर्ग व क्रमांक, मंजूर अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) प्रत, आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो.

शेवटच्या तीन गोष्टी मुद्दाम सांगतोय. सिमेंट रस्त्याच्या अंदाजपत्रकात साईडपट्टी भरण्याची बाब बहुतेक वेळा असतेच. ती अंदाजपत्रकात असेल आणि जागेवर नसेल, तर तुम्हाला नवा निधी मागायचाच नाहीये. ते काम ठेकेदाराकडून करून घ्यायचं आहे. मोजमाप पुस्तिकेत ती बाब भरल्याचं दाखवलं असेल तर मग मजाच आहे. कार्यालयातले लोक एका दिवसात अतिशय नम्र होतात.

आता पैसे. "रस्ता सुरक्षा" असं लेखाशीर्ष नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात क्वचित दिसेल. पैसा असतो, पण दुसऱ्या नावांनी येतो. जिल्हास्तरावरचं नगरोत्थान महाभियान, म्हणजे शहरांतल्या सोयींसाठीची राज्याची योजना, हे त्यातलं मोठं. ते जिल्हा नियोजन समितीतून येतं. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. त्याशिवाय रस्ता अनुदान असतं. नगरविकास विभागाचं वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान असतं, ते बहुतेक राजकीय वजनावर येतं, त्यामुळे त्याची वाट बघू नका. वित्त आयोगाचा पैसा असतो: पंधराव्या आयोगाने २०२१ ते २६ साठी छोट्या शहरांचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता, उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला. त्या अबंधितात फुटपाथ बसत होता. तरी बसवला किती जणांनी, ते त्यांचं त्यांना माहीत.

आणि हे सगळे पैसे आधीपासूनच तुमच्या गावात रस्त्यांवर खर्च होताहेत. तुमच्या शाळेसमोर झालेलं काम यातल्याच कुठल्यातरी निधीतलं असणार. फक्त अंदाजपत्रक करताना काँक्रीटची लांबी-रुंदी-जाडी धरली, आणि माणूस धरला नाही. म्हणून सुरक्षेसाठी वेगळा निधी द्या, असं मागत बसू नका. पुढचा जो रस्ता मंजूर होतोय त्याच्या अंदाजपत्रकात कर्ब (कडेचे दगड), फुटपाथ, उंच केलेलं क्रॉसिंग, थर्मोप्लास्टिकचे (वितळवून लावलेल्या टिकाऊ रंगाचे) पट्टे या बाबी घाला म्हणून मागा. काँक्रीटच्या रकमेपुढे हा खर्च किरकोळ असतो. पण अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळायच्या आधी मागायला हवं. कार्यारंभ आदेश निघाल्यावर गेलात तर अभियंत्याला मनातून पटलं तरी तो हात वर करतो, कारण जादा बाब घालायची म्हणजे सुधारित मंजुरी, आणि तिच्यात सहा महिने जातात.

सायकलवाली

काका, साईडपट्टीचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन्हीकडे अर्ज टाकते. दोन शंका. एक, पुढचा रस्ता मंजूर होतोय हे आम्हाला कळणार कसं? दोन, आमचा रस्ता तर होऊन गेला, मग क्रॉसिंगचं काय?

माजी नगरसेवक (एकदाच)

पहिल्याचं उत्तर मी देतो. अर्थसंकल्प जानेवारी-फेब्रुवारीत होतो, पण कामांच्या याद्या दिवाळीनंतरच फिरायला लागतात. तेव्हा मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून कामं मागवून अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. छोट्या गावात तसा छापील फॉर्म मिळणार नाही, पण सूचना द्यायला कोणी अडवत नाही.

काका म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. मी माझ्या वॉर्डात फुटपाथ घातला होता अंदाजपत्रकात. दुकानदारांची सही मोहीम सुरू झाली, पार्किंग जातंय म्हणून. सर्वसाधारण सभेत मी एकटा पडलो आणि त्या बाबीचे पैसे वळवून रस्ता दोन फूट रुंद केला. लोकांना रुंद रस्ता दिसतो, फुटपाथ दिसत नाही. पालक फक्त अर्ज देतात. सभेच्या दिवशी गॅलरीत कोणी नसतं. दुकानदार असतात.

रॅम्प कुठाय

मी व्हीलचेअरवर आहे, म्हणून एक विनंती: फुटपाथ मागताना नुसता "फुटपाथ" लिहू नका. आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या मानकात चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरच्या आत सांगितली आहे. हे आकडे अर्जात नसतील तर फूटभर उंचीचा, मध्ये विजेचा खांब असलेला, दर दहा पावलांवर गेटसाठी कापलेला पेव्हर ब्लॉकचा ओटा मिळतो. त्याच्यावर मी चढू शकत नाही, आणि ज्यांना चढता येतं तेही कंटाळून रस्त्यावरूनच चालतात. मग अधिकारी म्हणायला मोकळे, फुटपाथ दिला तरी लोक वापरत नाहीत.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फुटपाथचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे असं म्हटलंय, आणि तो अपंगांनाही वापरता यायला हवा हेही. अर्जात एक ओळ टाका. निधी लगेच येईल असं नाही, पण "तरतूद नाही" असं लेखी द्यायला समोरचा कचरतो.

निवृत्त शाखा अभियंता

नगरसेवक साहेब, दुकानदारांचं मान्य. पण २०२२ चे केंद्राचे आकडे सभेत वाचून दाखवायचे होते: देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू, त्यात ३२,८२५ पायी चालणारे आणि ७४,८९७ दुचाकीवरचे. दोन्ही मिळून जवळजवळ दोन तृतीयांश. दुकानात येणारं गिऱ्हाईक यातलंच आहे ना?

ताई, झालेल्या रस्त्याचं सांगतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस अधीक्षक, आरटीओ, बांधकामचे कार्यकारी अभियंता, सगळे एका टेबलाला. रस्ता आमचा नाही हे वाक्य तिथे चालत नाही, कारण ज्याचा आहे तोही शेजारीच बसलेला असतो. तिथे शाळेचं पत्र द्या, मुख्याध्यापकांच्या सहीचं, तुमचं नको. सोबत पोलीस ठाण्यातून त्या रस्त्यावरच्या अपघातांची यादी. हल्ली अपघातांची नोंद ई-डार या संगणकीय प्रणालीत होते, त्यामुळे जागा नकाशावर दाखवता येते. किरकोळ पडझड त्यात येत नाही, तेवढी शाळेने वहीत लिहून ठेवावी.

पैशाबाबत, नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रस्ता सुरक्षा निधी उभारायला आणि वाहतूक दंडाचा काही भाग त्यात टाकायला सांगितलं होतं. समितीपुढे हे तोंडी विचारा: आपल्या जिल्ह्याला यातून काय आलं? पट्टे, फलक, क्रॉसिंग एवढं काम छोटं असतं, आणि वर्षअखेरीला निधी परत जाण्याच्या भीतीने असली छोटी, तयार अंदाजपत्रकाची कामं पटकन घेतली जातात. त्यामुळे अभियंत्याच्या मागे लागून अंदाजपत्रक डिसेंबरपर्यंत करून ठेवा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलंय. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम फार नाही, पण कलमाचा उल्लेख असलेलं पत्र कोणी फाईलच्या तळाशी ठेवत नाही.

चौकातला

मोजला. सव्वा फूट रुंद आहे. 🙄

सायकलवाली

मुख्याध्यापक सही द्यायला तयार आहेत. काका, समितीच्या पत्रात नेमकं काय लिहू?

निवृत्त शाखा अभियंता

लांबड नको, हे पुरे:

"शाळेच्या प्रवेशद्वारासमोर (१) रस्त्याच्या पातळीपासून उंच केलेले पादचारी क्रॉसिंग, दोन्ही बाजूंस उतार व थर्मोप्लास्टिक पट्टे, (२) आधी व नंतर आयआरसी ९९ च्या मापाचे गतिरोधक, सूचना फलकांसह, (३) मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे साईडपट्टी भरून घेणे, (४) बसस्थानक ते शाळा एका बाजूस १.८ मीटर मोकळा फुटपाथ. क्र. ३ चे काम ठेकेदाराच्या खर्चाने, दोष दायित्व कालावधीत. उर्वरित कामांसाठी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे याच बैठकीत निश्चित करून इतिवृत्तात नोंदवावे."

शेवटचं वाक्य काढू नका, कोणी सांगितलं तरी. आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्या.